दहा जणांपर्यंत मोफत

दहा जणांपर्यंत मोफत, असं लिहिलं होतं.
आम्ही अकरा.
अकराव्यासाठी वर्षाचे एकोणपन्नास युरो,
आणि मारेट म्हणाली, एवढ्यात तर बिजागऱ्यांचा
अख्खा खोका येतो.
तिने बोटांवर मोजलं: करवतीवरचे तिघे, काचवाले दोघे,
रंगखोलीतली विर्वे आणि तिची भाची पिरेत,
हेल्दुर, ट्रकवाला काउपो, नवा पोरगा ओट.
बोटं संपली.
"तू तर हिशेबाची," ती मला म्हणाली,
"तुला काय विचारायचं!"

मग तो सर्व्हे मीच लावला.
जानेवारीत, विल्यांदीत चारलाच दिवे लागतात तेव्हा,
जेवणाच्या टेबलावर कंपनीचा एकुलता टॅब्लेट,
कोपरा तडकलेला, भुशाने धुरकट.
एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्णपणे.
नाव लिहायचं नाही.
एकेक जण तो घेऊन फळ्यांच्या थप्पीमागे जायचा,
घरून आलेलं पत्र वाचायला जावं तसा.

नाव नाही म्हणे!
दहा माणसांत कसलं आलंय निनावी.
हेल्दुरने सगळीकडे तीन दिले. बायको गेली त्या आठवड्यातही
कसा आहेस विचारलं असतं तर
तीनच म्हणाला असता.
स्वल्पविरामाशी वैर, ती विर्वे.
"मालकीण चांगली आहे पण"
एवढं लिहून वाक्य सोडून दिलंय, तो काउपो.
ट्रकही असाच उभा करतो, अर्धा फाटकात.

प्रश्न सातवा: वर्षभरानंतर तुम्ही इथेच असाल का?
एकाच उत्तरात एक.
खाली ओळ: खोकल्याचं मी दोनदा सांगितलं.

मारेट खुर्ची ओढून शेजारी बसली.
"कोण गं हे?"
माझ्या टेबलाच्या एका बाजूला रंगखोली आहे.
पगारपत्रकं करताना तो खोकला मी रोज ऐकते,
पातळ भिंतीतून, दहानंतर जास्त.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात;
आमची तर फुकटातली मूठ.
"यंत्र सांगत नाही," मी म्हणाले.
तिने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे.
बराच वेळाने म्हणाली,
"पंख्याला किती पडतील, बघ जरा."

बाकी अहवाल छान होता.
हिरवं वर्तुळ, मध्ये तीन पूर्णांक सहा,
आणि दहांपैकी आठ जणांनी, आपापल्या शब्दांत,
एकच गोष्ट लिहिलेली:
संडासाची खिडकी लागत नाही.

आम्ही खिडक्या बनवतो.
एकोणीस वर्षं. समुद्र ओलांडून फिनलंडला जातात,
तिथल्या वाऱ्यात हूं की चूं करत नाहीत,
आणि इथे आम्ही कोट चढवून जातो.

शनिवारी हेल्दुर एकटाच आला.
मापाची पट्टी खिशातून काढलीसुद्धा नाही;
एकोणीस वर्षं बसल्या बसल्या
ती चौकट त्याने पाठ केली होती.
पंखाही आला, पार्नूहून, कुणीतरी वापरलेला, घरघरतो.
पिरेत अजून आहे.
वर्षाचं कोण सांगतं.

माझ्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला संडास.
वारा सुटला की तिथून शीळ यायची,
बारीक, एकाच सुरात,
आणि बेरजा करताना माझी पेन्सिल
नकळत तिच्या तालावर चालायची.
आता शांत असतं.
या महिन्यात दोनदा माझी बेरीज चुकली.

काल सगळे गेल्यावर टॅब्लेट उघडला.
मुदत संपलेली, तरी पहिला प्रश्न दिसत होता,
राखाडी अक्षरांत.
बोट तीनवर नेलं. मग चारवर.
दाबलं तर काही होत नव्हतं.
भिंतीपलीकडे पंखा तसाच घरघरत होता,
कुणी बंद करायला विसरलेलं.
उठले, बंद करून आले.